डाल्टन की क्रेग : गंभीर बाँड पाहायचा तर कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. तो यंदा बारावीला आहे आणि रॉजर मूरचे दोन-तीन बाँडपट त्याने टीव्हीवर जाहिरातींच्या अधूनमधून पाहिलेले आहेत. उदयपूर, कबीर बेदी आणि विजय अमृतराज यांच्यामुळे ‘ऑक्टोपसी’ तर त्याला जवळजवळ पाठ आहे. आता त्याला असा बाँड पाहायचा होता, ज्याच्या मनात काय चालले आहे ते पाहणाऱ्याला कळते. ‘‘मामा, डाल्टनपासून सुरू करू की क्रेगपासून?’’ असे त्याने विचारले. प्रश्न त्याने अगदी नेमका विचारला होता, कारण जेम्स बाँडच्या या मालिकेत गंभीर बाँड म्हणून ज्यांची नावे घ्यावीत असे सलग काम केलेले अभिनेते टिमथी डाल्टन आणि डॅनियल क्रेग हे दोनच आहेत.

हा निवाडा मी स्वतःपुरता काही वर्षांपूर्वी केलेला आहे. एका पावसाळ्यात या दोघांचे सातही चित्रपट मी क्रमाने पाहिले आणि पुढच्या पावसाळ्यात आधी क्रेग, मग डाल्टन अशा उलट क्रमाने पुन्हा पाहिले. त्यातून जे मत बनले ते येथे मांडतो आहे. ते सर्वांना पटेल असा माझा दावा नाही. क्रेगचे चाहते संख्येने कितीतरी जास्त आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. कथानकातील महत्त्वाच्या गोष्टी पुढे उघड होतील, कारण त्यांना हात न लावता व्यक्तिरेखेविषयी बोलणे शक्य नाही.

आधी या दोघांनाच शेजारी का ठेवायचे ते सांगतो. चित्रपटांतला पहिला बाँड शॉन कॉनरी याने बाँडला चाल दिली, ऐट दिली, आणि त्याच्याशी कोणाची तुलना करणे म्हणजे मूळ साच्याशीच तुलना करणे होते. मूरने सात चित्रपटांत त्या ऐटीचे हसऱ्या करमणुकीत रूपांतर केले. ब्रॉस्नन देखणा आणि सफाईदार होता, पण त्याच्या चार चित्रपटांत प्रत्येक आधीच्या अभिनेत्याचे थोडे थोडे आहे आणि स्वतःचे असे वेगळे काढून दाखवणे मला तरी कठीण जाते. डाल्टन आणि क्रेग यांची परिस्थिती मात्र सारखी होती. ‘अ व्ह्यू टू अ किल’ १९८५ मध्ये आला तेव्हा मूर ५७ वर्षांचा होता आणि धावताना-उड्या मारताना त्याच्या जागी दुसरा कोणी आहे हे लपत नव्हते. ‘डाय अनदर डे’मध्ये २००२ साली तर बाँडची मोटारच अदृश्य होऊ लागली. दोन्ही वेळा निर्मात्यांना हा माणूस पुन्हा जमिनीवर आणायचा होता, इयान फ्लेमिंगच्या पुस्तकांतला थकलेला, स्वतःच्या कामाविषयी मनात किंतु असलेला माणूस पडद्यावर आणायचा होता. दोन्ही वेळा प्रेक्षक लगेच राजी झाला नाही. क्रेगची निवड २००५ मध्ये जाहीर झाली तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरून वर्तमानपत्रांनी गदारोळ केला होता. डाल्टनच्या बाबतीत तर १९८६ मध्ये ब्रॉस्ननची निवड जवळजवळ पक्की झाली होती आणि दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने त्याला अडवले, म्हणून भूमिका डाल्टनकडे आली, ही गोष्ट त्याच्या माथी कायमची बसली.

वेळेचा हिशेब करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की डाल्टनचे दोन चित्रपट मिळून साधारण साडेचार तासांचे आहेत आणि क्रेगचे पाच मिळून पावणेबारा तासांचे. हा फरक वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

क्रेगच्या बाजूचे जे आहे ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ‘कसिनो रोयाल’ हा २००६ सालचा चित्रपट माझ्या मते या संपूर्ण मालिकेतील सर्वांत चांगल्या दोन-तीन चित्रपटांपैकी एक आहे. त्यात एक प्रसंग आहे. जिन्यात झालेल्या हाणामारीत दोन माणसे डोळ्यांदेखत मेल्यानंतर कामगिरीवरची त्याची सहकारी आणि पुढे प्रेयसी होणारी वेस्पर संध्याकाळच्या भारी पोशाखातच शॉवरखाली बसून राहिलेली आहे. बाँड खोलीत येतो, तिला उठवत नाही, समजावत नाही. अंगातल्या शर्टासकट तिच्या शेजारी पाण्यात बसतो. तिला थंडी वाजते आहे म्हटल्यावर हात मागे नेऊन पाणी थोडे गरम करतो. एवढेच. त्या एवढ्याशा प्रसंगात क्रेगने या व्यक्तिरेखेला जे दिले ते त्याआधीच्या ४४ वर्षांत तितक्या जवळून कोणी दाखवले नव्हते, असे म्हणायला माझी हरकत नाही. मार टिपून घेणारे शरीर, मोजके बोलणे, आणि दुखावला गेला की चेहऱ्यावर आधी राग व मग बऱ्याच वेळाने दुःख येणे, या गोष्टी त्याने पाचही चित्रपटांत सांभाळल्या. ‘स्कायफॉल’मध्ये नेमबाजीच्या परीक्षेत त्याचा हात कापतो आणि उत्तीर्ण न होताही त्याला कामगिरीवर पाठवले गेले आहे हे त्याला शत्रूकडून कळते, तेव्हा त्याने डोळ्यांनी जे केले आहे ते पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. निव्वळ अभिनयाची पट्टी लावायची असेल तर क्रेगचे पारडे कदाचित जड ठरेल.

पण चाहत्यांच्या चर्चेत ‘व्यक्तिरेखेचा विकास’ हा शब्द येतो आणि तो आला की क्रेगच्या नावावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे सगळे बोलू लागतात. त्याच्याआधी बाँडला भूतकाळच नव्हता, प्रत्येक चित्रपटात पाटी कोरी असायची, असे सांगितले जाते. हे तितकेसे खरे नाही. जॉर्ज लेझनबीच्या एकुलत्या एका चित्रपटात, १९६९ मध्ये, बाँडचे लग्न होते आणि त्याच दिवशी बायको ट्रेसी गोळी लागून त्याच्या शेजारी मरते. पुढे अभिनेते बदलले तरी ते दुःख हातोहात पुढे गेले. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये रशियन हेर अन्या तिचा विषय काढते आणि मूरचा हसरा चेहरा क्षणात बंद होतो, १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या सुरुवातीला तो तिच्या थडग्यावर फुले ठेवतो. डाल्टनच्या ‘लायसन्स टू किल’मध्ये मित्राच्या लग्नात नवरी गमतीने त्याला लग्नाचे सूचित करते तेव्हा तो उठून जातो, आणि मित्र तिला सांगतो की त्याचेही एकदा लग्न झाले होते, पण त्याला फार काळ लोटला. नाव घेतले जात नाही, चित्र दाखवले जात नाही. ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात कालवते आणि ज्याला माहीत नाही त्याचे काही अडत नाही. एका माणसाची जुनी जखम अशीच असते, ती रोज बोलून दाखवली जात नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते आणि माझा कल कुठे जाणार याची कल्पना वाचकांना येथेच येईल.

आता डाल्टन. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ १९८७ मध्ये आला. ब्रातिस्लाव्हात एक रशियन जनरल, कोस्कोव्ह, संगीतसभेच्या मध्यंतरात पळून येणार आहे आणि त्याला टिपायला बसवलेल्या नेमबाजाला आधी टिपण्याचे काम बाँडवर आहे. डाल्टन समोरच्या इमारतीच्या अंधाऱ्या खोलीत येतो, कोटाची बाजू ओढून पांढरा शर्ट झाकून टाकतो, रायफल हातात घेतो. हालचाल अगदी कमी आहे. रोजचे काम करणाऱ्या माणसासारखी. दुर्बिणीत समोरची खिडकी येते, आणि नेमबाज म्हणजे थोड्या वेळापूर्वी वाद्यवृंदात चेलो वाजवणारी तरुणी आहे हे त्याला दिसते. तिच्या रायफल धरण्यात काहीतरी चुकते आहे हे त्याच्या लक्षात येते आणि तो नेम किंचित हलवून तिला मारण्याऐवजी तिच्या हातातल्या शस्त्रावर गोळी झाडतो. नंतर सोबतचा अधिकारी साँडर्स त्याला हुकूम मोडल्याबद्दल वरिष्ठांना कळवण्याची धमकी देतो, तेव्हा डाल्टन थकल्या आवाजात सांगतो की मी फक्त या धंद्यातल्या माणसांना मारतो, त्या मुलीला बंदुकीचे टोक कोणते तेही माहीत नव्हते. वरिष्ठांना काय सांगायचे ते सांग, त्यांनी काढून टाकले तर मी आभारच मानीन.

या प्रसंगाची खरी किंमत पुढे कळते. त्या मुलीच्या रायफलीत गोळी नसलेली, नुसता आवाज करणारी काडतुसे होती. तिने मरावे आणि पलायन खरे वाटावे अशी कोस्कोव्हची योजना होती. बाँडने हुकूम पाळला असता तर कट यशस्वी झाला असता. म्हणजे येथे कथानक बाँडच्या स्वभावामुळे वळते. पुढे रशियन गुप्तहेर खात्याचा प्रमुख जनरल पुश्किन याला मारण्याचा हुकूम येतो, बाँडला तो पटत नाही, पण दुसऱ्या हेराला पाठवण्यापेक्षा तो स्वतः जातो, पुश्किनच्या डोक्यावर पिस्तूल धरतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून विश्वास ठेवायचा असे ठरवतो. दोन्ही वेळा निर्णय त्याचा आहे, त्याची जोखीमही त्याचीच आहे. हेराची नोकरी म्हणजे हुकुमाची नोकरी, आणि अशा माणसाचा स्वभाव जर कुठे दिसायचा असेल तर हुकूम आणि स्वतःचा अंदाज यांच्यात फट पडते तिथेच दिसणार, असे मला वाटते.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानातील कॅफेत तोच साँडर्स बाँडला भेटतो. ब्रातिस्लाव्हात एकमेकांशी फटकून वागलेले हे दोघे आता नीट बोलतात, साँडर्सने माहिती चोख काढली आहे, आणि बाँड त्याला काम चांगले केलेस म्हणून मनापासून सांगतो. कायम कपाळाला आठ्या असलेल्या त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. तो वळतो, दाराशी जातो, आणि सरकता दरवाजा त्याच्यावर आदळून तो ठार होतो. जमिनीवरून एक फुगा तरंगत येतो, त्यावर ‘हेरांना मृत्यू’ अशा अर्थाचे रशियन शब्द आहेत. डाल्टन तो फुगा हातात घेऊन मुठीतच फोडतो. मग पिस्तूल काढून बाहेर धावतो, भिंतीवरून उडी मारतो आणि ज्याच्यावर पिस्तूल रोखतो तो फुगे धरलेला एक लहान मुलगा निघतो. शेजारी त्याची आई घाबरून उभी आहे. डाल्टनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येते त्याला लाज म्हणावे की स्वतःचीच भीती, हे मी दोन्ही पावसाळ्यांत ठरवू शकलो नाही. परत येऊन चेलोवालीला तो काय घडले ते सांगत नाही, तिचा हात धरून घाईने निघतो. थोड्या वेळापूर्वीचा सगळा मोकळेपणा नाहीसा झालेला असतो. एका दुय्यम अधिकाऱ्याच्या मरणाने बाँड असा हललेला त्याआधी फार क्वचित दिसला होता.

आता त्या एका गोष्टीकडे येतो, जिने माझा निर्णय केला. ती क्रेगच्या चौथ्या चित्रपटात, २०१५ च्या ‘स्पेक्टर’मध्ये आहे. आपल्याकडे तो लागला तेव्हा परीक्षण मंडळाने त्यातील चुंबनदृश्ये कापून निम्म्यावर आणली आणि सगळी चर्चा त्यावरच झाली. माझे मन मात्र वेगळ्याच ठिकाणी विटले. चित्रपटाच्या उत्तरार्धात मोरोक्कोतल्या वाळवंटात क्रिस्टॉफ वॉल्ट्झने साकारलेला खलनायक उलगडा करतो : आई-वडील वारल्यावर पोरक्या बाँडला ज्या गृहस्थांनी काही काळ सांभाळले, त्यांचा हा मुलगा. वडिलांची माया या परक्या पोराने खाल्ली म्हणून त्याने वडिलांना मारले, स्वतः मेल्याचे भासवले, ब्लोफेल्ड असे नाव घेतले, आणि तेव्हापासून बाँडच्या आयुष्यात जे जे दुःख आले त्या सगळ्याचा कर्ता तो स्वतः आहे. आधीच्या तीन चित्रपटांतले खलनायकही त्याचेच : ल शिफ्र त्याचा, ग्रीन त्याचा, सिल्व्हा त्याचा. वेस्पर गेली तीही त्याच्यामुळे.

माझी पत्नी शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, ‘‘म्हणजे हे सगळे भाऊबंदकीतून झाले?’’

या एका शब्दाने माझ्या अस्वस्थतेला नाव मिळाले. भाऊबंदकी आपल्या साहित्यात आणि इतिहासात पुष्कळ आहे, ती कमी दर्जाची आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु आधीच्या तीन चित्रपटांनी जे कष्टाने उभे केले होते त्याला हा उलगडा मुळातून पोखरतो. ल शिफ्र हा दहशतवाद्यांचा पैसा शेअर बाजारात लावून बुडवलेला माणूस होता आणि जीव वाचवण्यासाठी जुगाराच्या टेबलावर आला होता. त्याची भीती खरी होती. वेस्परला तिच्या प्रियकराच्या जिवावरून पेचात पकडले होते, आणि बाँड तिथे होता तो केवळ त्याची नेमणूक झाली म्हणून. ‘क्वांटम ऑफ सोलेस’च्या अखेरीला बाँड त्या प्रियकराला गाठतो, त्याला मारत नाही, बाहेर येऊन बर्फात वेस्परची साखळी टाकून देतो, आणि ते प्रकरण मोठ्या संयमाने मिटते. सिल्व्हाचे तर सगळेच वैर ‘एम’शी, म्हणजे बाँडच्या खात्याच्या प्रमुख बाईशी होते, हाँगकाँगमध्ये तिने त्याला शत्रूच्या हवाली केले, ही त्याची तक्रार होती आणि बाँड त्यात निव्वळ मध्ये आलेला होता. या तिघांचाही राग, लोभ आणि भीती आपापली होती. ‘स्पेक्टर’ ते तिघांच्याही हातून काढून घेतो आणि एका हेवा करणाऱ्या भावाच्या खात्यावर जमा करतो.

हे असे का झाले, याचे कारण पडद्याबाहेर आहे. जुन्या बाँडपटांतली ‘स्पेक्टर’ ही गुन्हेगारी संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड यांच्यावरील हक्कांचा वाद निर्माते केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी ‘थंडरबॉल’च्या काळापासून चालत आला होता आणि तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, मॅक्लोरी यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, मिटला. तोवर क्रेगचे तीन चित्रपट होऊन गेले होते आणि त्यांत ‘क्वांटम’ नावाची दुसरीच गुप्त संघटना उभी केलेली होती. हक्क हाती आल्यावर जुने नाव वापरायचे ठरले आणि आधीच्या कथांना मागाहून टाके घालून ते बसवण्यात आले. निर्मात्यांची अडचण मी समजू शकतो. पण पाहणाऱ्याला टाका दिसतो, आणि एकदा दिसला की नजर तिथेच जात राहते.

माझ्यापुरते याचे मोजमाप असे आहे. ‘स्पेक्टर’च्या आधी मी ‘कसिनो रोयाल’ वर्षातून एकदा तरी पाहत असे. व्हेनिसमधल्या बुडत्या इमारतीत वेस्पर पिंजऱ्यासारख्या लिफ्टचे दार आतून लावून घेते, तेव्हा तिने स्वतः निवडलेले मरण म्हणून ते पाहताना घसा दाटून येत असे. आता तोच प्रसंग लागला की मागे कुठेतरी वॉल्ट्झ बसलेला जाणवतो. चित्रपटाची एकही चौकट बदललेली नाही, तरीही तो माझ्यासाठी बदलला. दुसऱ्या पावसाळ्यात तर मी त्या ठिकाणी थांबवून उठलो आणि राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला. कदाचित हा माझ्या मनाचा हळवेपणा असेल. अनेकांना ‘स्पेक्टर’ विसरून पुढे जाता येते आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. मला मात्र ते जमले नाही.

येथे कोणी म्हणेल की डाल्टनचा दुसरा चित्रपटही वैयक्तिक सुडाचाच आहे. आक्षेप रास्त आहे, म्हणून ‘लायसन्स टू किल’कडे नीट पाहायला हवे. १९८९ च्या या चित्रपटात अमली पदार्थांचा सम्राट सांचेझ हा बाँडचा मित्र फेलिक्स लायटर याला लग्नाच्याच रात्री शार्कच्या तोंडी देतो आणि त्याच्या नवरीला मारून टाकतो. ‘एम’ बाँडला दुसऱ्या कामगिरीवर जायला सांगतात, तो ऐकत नाही, परवाना काढून घेतला जातो. इथपर्यंत सूडकथा सरळ आहे. पुढे मात्र पटकथा एक अवघड प्रश्न विचारते. बाँड सांचेझवर गोळी झाडायला जातो आणि नेमक्या त्या वेळी हाँगकाँगच्या अमली पदार्थविरोधी पथकाची माणसे त्याला अडवतात, कारण त्यांनी मोठ्या कष्टाने सांचेझच्या जवळ शिरकाव केलेला आहे. बाँडच्या रागामुळे त्यांचे काम उधळते आणि ती माणसे मरतात. नंतर त्याला कळते की अमेरिकी बाजूने चाललेला एक वेगळा सौदाही त्यानेच बिघडवला आहे. हे कळते तेव्हा डाल्टनचा चेहरा पाहावा. आपल्या दुःखाची किंमत दुसऱ्यांनी भरली, हे ओझे तो घेतो आणि तरीही मागे फिरू शकत नाही.

सांचेझचे पात्र रॉबर्ट डाव्हीने असे वठवले आहे की पैशापेक्षा निष्ठा त्याला मोठी वाटते. बाँड त्याच्या घरात पाहुणा होऊन राहतो आणि त्याच निष्ठेला कीड लावतो. सांचेझचा साथीदार क्रेस्ट याच्या जहाजावर पैसे लपवून ठेवतो आणि सांचेझ आपल्याच जुन्या साथीदाराला हालहाल करून मारतो. शेवटी पेट्रोलने भिजलेला सांचेझ कोयता उगारून उभा असतो, तेव्हा जखमी बाँड त्याला विचारतो की, हे मी का केले ते जाणून घ्यायचे नाही का? आणि खिशातून सिगारेट पेटवायचा लायटर काढतो. मित्र फेलिक्स आणि त्याच्या बायकोने लग्नात बाँडला दिलेली ती भेट असते, त्यावर दोघांची नावे कोरलेली असतात. सांचेझला ते वाचायला एक क्षण मिळतो, इतकेच. सूड येथेही आहे, पण त्याला मित्र आहे, वस्तू आहे, बळी गेलेली तिऱ्हाईत माणसे आहेत. पाळण्यातले वैर शोधायला कोणाला मागे जावे लागत नाही.

डाल्टनच्या चित्रपटांत दोष नाहीत असे मुळीच नाही. विनोदी वाक्य त्याच्या तोंडी अवघडल्यासारखे येते. मूरला जे सहज जमे ते त्याला जमत नाही, आणि पटकथालेखकांनी मूरच्या सवयीने ती वाक्ये लिहिलेली आहेत. दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक जॉन ग्लेन हा मूरचे शेवटचे तीन चित्रपट करून आलेला होता, त्यामुळे मधूनच जुनी हलकीफुलकी चाल येते. पहिल्या चित्रपटाचा अफगाणिस्तानातला भाग लांबला आहे. दुसऱ्यातील मद्यालयातली मारामारी स्वस्त वाटते, आणि शेवटी पाण्याकाठचा शोभेचा मासा डोळा मारतो तो तर नसता तर बरे झाले असते. क्रेगच्या चित्रपटांचे छायाचित्रण, विशेषतः ‘स्कायफॉल’मधील शांघायचा रात्रीचा प्रसंग, या दोन्ही चित्रपटांच्या आवाक्यापलीकडचे आहे. मोठ्या पडद्यावर किंवा चांगल्या टीव्हीवर पाहणार असाल तर हा फरक डोळ्यांना जाणवेल.

माझा एक मित्र क्रेगच्या बाजूने नेहमी ‘नो टाइम टू डाय’चे उदाहरण देतो. माणूस नोकरीला लागतो, प्रेमात पडतो, फसतो, कडू होतो, पुन्हा विश्वास ठेवायला शिकतो, मुलीचा बाप होतो आणि तिच्यासाठी मरतो. असा पूर्ण प्रवास साठ वर्षांत दुसऱ्या कोणी केला, असे तो विचारतो. प्रश्नाला उत्तर नाही, तो प्रवास खरोखर दुसऱ्या कोणी केलेला नाही. बेटावर क्षेपणास्त्रे येत असताना मुलीचे कापडी खेळणे जवळ बाळगून उभा राहिलेला क्रेग मलाही हलवून गेला होता. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या प्रवासाचा अर्धा रस्ता ‘स्पेक्टर’मधून जातो. त्या मुलीची आई मॅडलीन तिथे भेटते, ब्लोफेल्ड तिथून येतो, आणि पाचव्या चित्रपटाची पहिली शंकासुद्धा त्याच ब्लोफेल्डने पेरलेली आहे. पाच चित्रपटांची एकच गोष्ट सांगायची म्हटल्यावर मधली एक पायरी कच्ची असेल तर ती गाळून वर जाता येत नाही. पावणेबारा तासांची अडचण म्हणून मी आधी उल्लेख केला तो यासाठी. डाल्टनचे दोन चित्रपट एकमेकांवर टेकलेले नाहीत. एक बिघडला असता तरी दुसरा शाबूत राहिला असता.

डाल्टनला तिसरा चित्रपट मिळाला नाही याची खंत मला आहे. हक्क आणि कंपनीच्या मालकीच्या वादात मालिका सहा वर्षे अडकली, १९९४ मध्ये त्याने भूमिका सोडली, आणि पुढच्या वर्षी ब्रॉस्नन आला. तिसऱ्यात तो कदाचित कंटाळवाणाही झाला असता. सांगता येत नाही. आता मालिका पुन्हा नव्या हातात गेली आहे, दिग्दर्शनाची जबाबदारी २०२५ मध्ये डेनी व्हिलनव्ह याच्याकडे सोपवण्यात आली आहे, आणि नव्या अभिनेत्याने क्रेगसारखे असावे की आणखी कोणासारखे, हा वाद चाहत्यांत जोरात आहे. त्यात डाल्टनचे नाव पूर्वीपेक्षा जास्त आदराने घेतले जाते हे पाहून मला समाधान वाटते.

निवड करणाऱ्याला माझे सांगणे असे राहील. ज्याला एकाच माणसाचे सलग आयुष्य पाहायचे आहे, मोठा पडदा आणि मोठा आवाज हवा आहे, आणि मधला एक कच्चा दुवा पचवायची तयारी आहे, त्याने क्रेगचे पाचही क्रमाने पाहावेत. ‘कसिनो रोयाल’ आणि ‘क्वांटम ऑफ सोलेस’ तर लागोपाठ दोन रात्रींत पाहावेत, कारण दुसऱ्याची गोष्ट पहिला संपतो तिथून काही वेळातच सुरू होते. ज्याला हेर हा काम करणारा माणूस म्हणून पाहायचा आहे, त्याला काय खटकते आणि तो कुठे हुकूम मोडतो हे पाहायचे आहे, त्याने दोन संध्याकाळी डाल्टनला द्याव्यात. आणि दोन्ही पाहायचेच असतील तर आधी डाल्टन पाहावा, असे मी सुचवीन. क्रेगची सफाई पाहून झाल्यावर डाल्टनचे चित्रपट जुने वाटण्याचा धोका आहे. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात पहिला अर्धा तास मलाही तसे वाटले होते.

भाच्याला मी हेच सांगितले. भाऊबीजेच्या रात्री आम्ही दोघे ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ पाहायला बसलो. ब्रातिस्लाव्हाच्या प्रसंगात तो काही बोलला नाही. प्राटरचा प्रसंग आला, फुगा फुटला, पिस्तूल त्या लहान मुलावर रोखले गेले, तेव्हा त्याने रिमोट उचलला आणि चित्रपट साँडर्सच्या हसण्यापर्यंत मागे नेऊन पुन्हा लावला.